बाइकसाठी इअरप्लग घेताय? या चुका टाळा

लांबच्या राइडनंतर हेल्मेट काढलं की कानात बारीक शिट्टी वाजत राहते. बरेच जण त्याचा दोष सायलेन्सरला देतात, पण खरा गोंगाट वाऱ्याचा असतो. वेग साधारण साठ-पासष्टच्या पुढे गेला की वारा इंजिनचा आवाजही दाबून टाकतो. ताशी १०० किमीला चांगल्या फुल-फेस हेल्मेटच्या आतसुद्धा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे कानाला दिवसभरात ८५ डेसिबल आठ तास चालतात, १०० डेसिबल मात्र फक्त १५ मिनिटं. पुण्याहून कोल्हापूरला निघालात तर ती १५ मिनिटं सातारा यायच्या कितीतरी आधी संपलेली असतात. म्हणून इअरप्लग वापराच, फक्त निवडताना घाई करू नका.

पहिली चूक म्हणजे पाकिटावरचा आकडा बघून खरेदी. एनआरआर (प्लग किती डेसिबल आवाज कमी करतो, त्याचं मानांकन) ३३ लिहिलंय म्हणजे तेवढा आवाज कमी होणारच, असं नसतं. तो आकडा प्रयोगशाळेत, प्लग नीट बसवून मोजलेला असतो. कानात अर्धवट बसलेला ३३ चा प्लग नीट बसलेल्या २५ च्या प्लगपेक्षा वाईट. कापसाच्या बोळ्याचा तर जवळपास काहीच उपयोग होत नाही. आणि इअरफोन म्हणजे इअरप्लग नव्हे. वाऱ्यावर मात करायला गाण्याचा आवाज वाढवला, की कानावरचा मारही वाढलाच.

“टोचतात, सहन होत नाहीत”

ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो आणि बहुतेक वेळा ती मापाची निघते. कानाची नळी प्रत्येकाची वेगळी, कित्येकांची तर डावी-उजवीही सारखी नसते. त्यामुळे एकदम पन्नास जोड्यांचा डबा घेऊ नका. दोन-तीन मापांच्या मऊ फोमच्या एकेक जोड्या आणा आणि घरी तासभर घालून बघा. एका कानाला लहान आणि दुसऱ्याला मोठा लागला, तर तसाच वापरा.

माप बरोबर असूनही टोचत असेल, तर घालण्याची पद्धत तपासा. फोम चिमटीत दाबून तसाच कोंबला की त्याला घडी पडते. ती घडी एका जागी रुतते आणि तिच्यातूनच आवाज आत येतो. हात धुऊन कोरडे करा आणि फोम बोटांत फिरवत बारीक, घडी नसलेली सुरळी करा. विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. सुरळी आत सरकवा आणि फोम फुगेपर्यंत, २०-३० सेकंद, बोटाने धरून ठेवा. मग गोंगाटात दोन्ही तळवे कानांवर घट्ट ठेवून बघा. आवाज एकदम कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही.

हेल्मेट घालताना पाळी ओढली जाऊन प्लग सैल होतो. म्हणून आधी बालाक्लाव्हा (डोकं-कान झाकणारी पातळ कापडी टोपी) चढवा आणि हेल्मेटचे पट्टे दोन्हीकडे फाकवून ते खाली घ्या. लांब दांडीचे सिलिकॉन प्लग हेल्मेटच्या अस्तराला टेकून आत दाबले जातात. हेल्मेटखाली कानाबाहेर न येणारेच घ्या. काहीच जमत नसेल, तर ऑडिओलॉजिस्टकडून कानाचा साचा घेऊन प्लग बनवून मिळतात. काही हजार रुपये जातात, पण रोज हायवेवर असणाऱ्याने ते जरूर खर्च करावेत.

घाट उतरताना कानांत दडे बसल्यासारखं झालं, तर थांबा आणि प्लग हळूच पिळत बाहेर काढा. झटक्यात ओढल्याने कानाच्या पडद्यावर ताण येतो.

रोजच्या आवाजासाठी

इथे चूक उलटी होते, लोक गरजेपेक्षा जास्त आवाज बंद करतात. सिग्नल-ट्रॅफिकच्या वेगात वारा नसतोच, तिथे हॉर्न आणि मागची गाडी ऐकू यायला हवी. ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्यांनी फिल्टरचे प्लग घ्यावेत, त्यात ठेका कळतो आणि मार कमी बसतो. झोपताना कुशीवर वळत असाल, तर आखूड, मऊ फोम बरा. शांत घरातही दिवसभर प्लग घालून बसू नका, त्याने कान साध्या आवाजालाही चिडचिडे होतात.

पावसाळ्यात ओल्या कानात प्लग घालून तास न् तास ठेवले, की बुरशी धरते. सिलिकॉनचे प्लग साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. फोम मळला किंवा दाबल्यावर फुगेनासा झाला की टाकून द्या. कान दुखत असेल, वाहत असेल किंवा ती शिट्टी दुसऱ्या दिवशीही थांबली नसेल, तर प्लग न घालता आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.