रिपोर्ट नॉर्मल, दुखणं मात्र जात नाही: जुनाट प्रोस्टेटायटिसवर गोळ्यांपलीकडचे उपाय

अंडकोष आणि शौचाची जागा यांच्या मधल्या भागात कोणीतरी लिंबू ठेवलंय आणि आपण त्यावर बसलोय, असं वाटतं. लघवी होऊन दोन मिनिटं झाली नाहीत तोच पुन्हा लागल्यासारखं होतं. वीर्यपतनानंतर ठणका लागतो, तो कधी तासभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. घरचे म्हणतात, उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचं पाणी पी. डॉक्टर लघवीचं कल्चर (जंतू वाढतात का हे पाहायची तपासणी) करतात, रिपोर्ट 'नो ग्रोथ' येतो, आणि तरीही चिठ्ठीवर अँटिबायोटिक असतंच. कोर्स संपतो, पंधरा दिवस बरं वाटतं, मग पहिले पाढे पंचावन्न.

नाव 'प्रोस्टेटायटिस', म्हणजे प्रोस्टेटची (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) सूज, असलं तरी यातल्या बहुतेक पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये जंतू सापडत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ मध्ये प्रोस्टेटायटिसचे चार प्रकार पाडले. पहिला तीव्र जंतुसंसर्ग, दुसरा जुनाट जंतुसंसर्ग, चौथा म्हणजे सूज आहे पण त्रास काहीच नाही. मधला तिसरा प्रकार म्हणजे जुनाट ओटीपोट-वेदना, आणि दवाखान्यात 'प्रोस्टेटायटिस' म्हणून येणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक याच प्रकारात बसतात. हा लेख त्यांच्यासाठीच आहे. दुखणं ग्रंथीत शोधण्याऐवजी तिच्या आजूबाजूच्या स्नायूंत आणि नसांत शोधलं, तर बऱ्याच जणांचा गुंता सुटतो.

आधी काय वगळायचं

थंडी वाजून ताप, लघवी अडकणं, लघवीतून रक्त, अंडकोषात गाठ किंवा कारण नसताना वजन घटणं, यातलं काहीही असेल तर खालचं काहीच करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तीव्र संसर्गात प्रोस्टेटला मसाज करणं धोक्याचं असतं, जंतू रक्तात जाऊ शकतात.

हे नसेल तर लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, शक्यतो प्रोस्टेट दाबण्याआधीचा एक आणि नंतरचा एक असे दोन नमुने. लघवीत पू-पेशी भरपूर पण कल्चर कोरं, असं वारंवार होत असेल तर आपल्याकडे टीबीची तपासणी मागून घ्यावी, ती राहून जाते. वीर्याच्या कल्चरमध्ये एखादा त्वचेवरचा जंतू दिसला म्हणून लगेच सहा आठवड्यांचा कोर्स घेऊ नका. नमुना देताना तो हातावरून, कातडीवरून सहज येतो. सोनोग्राफीत 'माइल्ड प्रोस्टेटोमेगाली, २७ सीसी' असं वाचून झोप उडवून घेण्यातही अर्थ नाही.

अँटिबायोटिकबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १९६ पुरुषांना सिप्रोफ्लॉक्सासिन (अँटिबायोटिक), टॅम्सुलोसिन (लघवीचा मार्ग सैल करणारी गोळी), दोन्ही मिळून किंवा नुसती खोटी गोळी अशी सहा आठवडे देऊन पाहिली. खऱ्या औषधांचा फायदा खोट्या गोळीपेक्षा जास्त निघाला नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातल्या अँटिबायोटिकमुळे टाचेमागची जाड शीर (टेंडन) दुखावू शकते, तुटूही शकते. अमेरिकेत २००८ पासून त्यांच्या माहितीपत्रकावर तसा ठळक इशारा छापावा लागतो. कल्चर कोरं असताना तिसरा-चौथा कोर्स लिहिला गेला, तर 'कोणत्या जंतूसाठी?' एवढं विचारायला लाजू नका.

मोजल्याशिवाय सुरू करू नका

या आजाराचे दिवस चढउताराचे असतात. चांगल्या आठवड्यात जे काही चालू असेल, श्रेय त्यालाच मिळतं. म्हणून त्याच अमेरिकी संस्थेची 'एनआयएच-सीपीएसआय' ही ९ प्रश्नांची प्रश्नावली भरून ठेवा: वेदनेला २१ गुण, लघवीच्या त्रासाला १०, रोजच्या जगण्यावरच्या परिणामाला १२, एकूण ४३. आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. दर दोन आठवड्यांनी, एकाच वारी, भरायची. सहा गुण उतरले तर उपाय खरंच लागू पडतोय असं धरतात. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा आणि तिला किमान सहा आठवडे द्या. चार गोष्टी एकदम सुरू केल्या तर कशामुळे उतरलं आणि कशामुळे पोट बिघडलं, दोन्ही कळत नाही.

सोबत स्वतःला सहा बाजूंनी तपासा: लघवीचा त्रास, मनावरचा ताण, खुद्द प्रोस्टेटचं दुखणं, सिद्ध झालेला संसर्ग, शरीरात इतरत्र असलेली दुखणी (आतड्याची कुरकुर, अर्धशिशी) आणि स्नायूंतली दुखरी ठिकाणं. डॉक्टर याला 'युपॉइंट' म्हणतात. ज्याच्या तीन बाजूंनी होकार आहे त्याला एका गोळीने बरं वाटत नाही, यात नवल नाही.

तळाचे स्नायू सैल करणं

ओटीपोटाच्या तळाशी, माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत, झोळीसारखे स्नायू ताणलेले असतात. तासन्‌तास खुर्ची, बाइकची सीट, लघवी रोखून धरायची सवय आणि ताण यांमुळे ते आखडून बसतात. सतत मूठ आवळून ठेवली तर हात जसा दुखेल, तसंच हे.

इथे एक घोटाळा हमखास होतो. लघवीचा त्रास म्हटलं की कोणीतरी केगल व्यायाम सांगतं, आणि योगवर्गात मूलबंध नाहीतर अश्विनी मुद्रा. हे सगळे स्नायू *आवळण्याचे* व्यायाम आहेत. आधीच आवळलेल्या स्नायूंवर ते केले की आठवडाभरात दुखणं वाढतं आणि माणूस म्हणतो, 'योगासुद्धा करून पाहिला.' दुखणं शमेपर्यंत आवळणं पूर्ण बंद. पोट आत ओढून चालायची सवयही सोडा.

श्वास असा घ्यायचा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवून दोन्ही बाजूंना उशांवर टेकवा, एक हात बेंबीखाली. नाकाने ४ सेकंद श्वास आत, पोट वर येऊ द्या. याच वेळी तळाची झोळी आपोआप थोडी खाली उतरते. मग ६ सेकंदांत श्वास सोडा. दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. झोळी उतरतेय की नाही कळत नसेल तर टॉवेलची घट्ट गुंडाळी करून त्यावर आडवी मांडी टाकून बसा. खोकलात की तळ वर खेचला जातो, लांब श्वास घेतला की टॉवेलवर हलका टेकतो. लघवी सुरू होताना जी ढिलाई जाणवते तीच हवी. कुंथायचं मात्र नाही. पहिल्या आठवड्यात बहुतेक जण जोर लावून खाली ढकलतात आणि त्याने मूळव्याध असलेल्यांचा त्रास वाढतो.

श्वास जमल्यावर आसनं: बालासन, बद्धकोनासन, पवनमुक्तासन, आणि टाचा टेकत असतील तर मालासन. प्रत्येकी दीड-दोन मिनिटं, ताण दहापैकी चारच्या वर नको. टाचा उचलल्या जात असतील तर खाली घडी घातलेली चादर घ्या, नाहीतर पोटऱ्या ताणून तोल सांभाळण्यात सगळं शरीर घट्ट होतं.

पार्श्वभागाच्या आणि मांडीच्या आतल्या स्नायूंत दुखऱ्या गाठी असतात. टेनिस बॉल जमिनीवर ठेवून त्यावर नितंबाचा मांसल भाग टेकवा, दुखरी जागा सापडली की तिथेच ३० ते ६० सेकंद थांबा, श्वास चालू. रगडायचं नाही. पायात मुंग्या आल्या तर नस दबतेय, बॉल सरकवा. अंडकोषामागच्या मधल्या जागेवर बॉल ठेवून बसणारेही भेटतात. ते अजिबात करू नका, तिथूनच संवेदनेची मुख्य नस जाते.

आतल्या स्नायूंवरचं काम गुदद्वारातून, हातमोजा आणि जेल वापरून, फिजिओथेरपिस्ट करतात. बोटाचा दाब पिकलेला टोमॅटो फुटणार नाही इतकाच. २००९ च्या अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत असे उपचार घेतलेल्यांपैकी ५७ टक्के आणि साधा अंगमसाज घेतलेल्यांपैकी २१ टक्के लोकांना स्पष्ट फायदा झाला. आपल्याकडे हे काम करणारे बरेच थेरपिस्ट बाळंतपणानंतरच्या बायकांवर उपचार करतात. म्हणून वेळ घेताना फोनवरच विचारा: पुरुष रुग्ण घेता का, आतून तपासता का? नुसतं मशिन लावून करंट देत असतील तर दुसरीकडे बघा. फिशर किंवा ठसठसती मूळव्याध असेल तर आधी ती बरी होऊ द्या.

कटिस्नान, पण कोमट

निसर्गोपचारातलं कटिस्नान उरळी कांचनच्या परंपरेमुळे मराठी घरांना ओळखीचं आहे. फक्त ते मूळचं गार पाण्याचं, आणि या दुखण्यात गार पाण्याने बऱ्याच जणांचे स्नायू उलट आखडतात. रुंद प्लास्टिकच्या टबात बेंबीपर्यंत येईल इतकं ४० अंशांच्या आसपासचं पाणी घ्या, कोपर बुडवलं तर सुखद वाटेल असं. पाय टबाबाहेर, १५ मिनिटं, झोपण्याआधी. मीठ, डेटॉल, तुरटी काही नको. मधुमेहामुळे संवेदना कमी असेल तर थर्मामीटर वापरा. मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील तर टबाऐवजी ओटीपोटावर आणि कमरेखाली गरम पाण्याची पिशवी घ्या, कारण रोजच्या उष्णतेने शुक्राणूंची संख्या घटते.

क्वेर्सेटिन, पराग आणि जडीबुटी

क्वेर्सेटिन (वनस्पतींत असणारं एक द्रव्य) ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर. १९९९ सालच्या एका छोट्या चाचणीत, महिन्याभरात, ते घेणाऱ्यांपैकी ६७ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २० टक्के लोकांचा त्रास किमान पाव हिश्श्याने कमी झाला. चाचणीत जेमतेम ३० माणसं होती हे लक्षात ठेवूनच हुरळून जा. क्वेर्सेटिन कांद्यात असतं म्हणून कच्चा कांदा सुचवणारे आहेत, पण १०० ग्रॅम लाल कांद्यात ते ३० मिलिग्रॅमच्या आसपास निघतं, म्हणजे रोज तीन किलोवर कांदा खावा लागेल. लासलगावचा भाव काहीही असो, हे जमणारं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

राय गवताच्या परागाचा अर्क जर्मनीत २००९ मध्ये १३९ पुरुषांवर १२ आठवडे तपासला गेला आणि वेदना कमी झाली. मधाच्या दुकानात मिळणारे परागकण म्हणजे हा अर्क नव्हे. परागाची ॲलर्जी असलेल्यांनी दोन्हींपासून लांब राहावं. सॉ पाल्मेटो (एका बुटक्या ताडाच्या फळांचा अर्क) मात्र या दुखण्यात उपयोगी पडलं नाही, पैसे वाचवा.

चंद्रप्रभा वटी आणि गोक्षुरादि गुग्गुळ अनेक वैद्य देतात. चंद्रप्रभेत लोहभस्म आणि शिलाजीत असतं, तेव्हा 'जडीबुटीच आहे' म्हणून स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका. नोंदणीकृत वैद्याकडून, सीलबंद डबीतली आणि ठरलेल्या मुदतीपुरतीच घ्या. रेल्वेरुळांकडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग' रंगवणाऱ्यांकडे जाणं वेगळंच. ते दुखण्याला 'धातू जातो' हे नाव देतात आणि भीतीवर पैसे कमावतात. वीर्य गेल्याने शक्ती जाते या धास्तीला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं होतं. वीर्यपतनानंतर दुखतं ते स्नायू जोरात आवळले जातात म्हणून. ब्रह्मचर्य पाळण्याऐवजी नंतर कोमट पिशवी आणि पाच मिनिटं तो लांब श्वास, एवढं पुरतं.

ॲक्युपंक्चर

पुरावा इथे त्यातल्या त्यात भक्कम आहे. चीनमध्ये ४४० पुरुषांवर झालेली चाचणी २०२१ मध्ये छापली गेली: ८ आठवड्यांत २० बैठका, सुया कंबर, माकडहाडाच्या वरचा भाग आणि घोट्याच्या वर पायाच्या आतल्या बाजूला. ६०.६ टक्के लोकांना फायदा झाला, खोट्या सुयांनी ३६.८ टक्के, आणि खऱ्या सुयांचा फायदा उपचार थांबल्यावर सहा महिनेही टिकला. चार बैठकांत निकाल मागू नका, आणि सुया एकदाच वापरून फेकायच्या आहेत हे पाकीट फोडताना पाहून घ्या.

रोजचं

तीन आठवडे मिरची, ठेचा, कॉफी, दारू बंद आणि चहा एक कप. मग दर तीन दिवसांनी एकेक परत आणा. मिसळीने भडकत नसेल तर मिसळ खा, सगळ्यांना सगळंच बाधत नाही. बद्धकोष्ठ असेल तर रात्री दोन चमचे इसबगोल मोठा ग्लासभर पाण्यातून, आणि कमोडवर बसताना पायांखाली वीतभर उंच पाट. आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं झपाझप चाला. सायकल आणि जिममधले जड स्क्वॉट काही महिने बाजूला. खुर्चीत दर ४० मिनिटांनी उठा. मधोमध खाच असलेली उशी चालते, भोकाची गोल उशी नको, तिच्यात मधला भाग लोंबकळून उलट ताणला जातो.

बरं होत असतानाही मधेच एखादा आठवडा दुखणं उसळतं, बहुधा लांबचा प्रवास, ताण किंवा जागरण यांनंतर. अशा वेळी नवं काही सुरू करू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका. दोन दिवस बॉल बाजूला ठेवा, कटिस्नान दोनदा करा, श्वास चारदा, आणि प्रश्नावली नेहमीच्या वारीच भरा. उसळीच्या दिवशी भरलेला आकडा फसवा असतो.