उन्हाळ्यात माळा कसा आवरावा
नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, म्हणून माळ्याचं काम सकाळी सहा ते आठ एवढंच. स्लॅब तापायला लागला की खाली उतरायचं आणि कूलरसमोर बसून कागद निवडायचे.

पेन्शनचा पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश), घराचं खरेदीखत, विम्याचे कागद एका फायलीत. जुनी वीजबिलं, लग्नपत्रिका रद्दीत. आमच्या ह्यांना 1998 ची बिलंही हवीच असतात. ते फिरायला गेले की मी गठ्ठा बांधते.

पुस्तकं उन्हात पसरू नका, पानं पिवळी पडतात. सावलीत उभी करून पानं मोकळी करा आणि मऊ ब्रशनं शिवणीतली धूळ झाडा, कसर तिथेच लपते. परत रचताना कडुनिंबाची पानं कापडी पुरचुंडीत घालून मधे ठेवा. पानं पूर्ण वाळलेली हवीत. ओलसर राहिली तर बुरशी धरते.

छंदाचं सामान मात्र टाकायचं नाही. माझ्या क्रोशाच्या सुया आणि दोरे बरणीत, हाताशी असतात. दुपारी बारा ते चार घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही, तेवढ्यात टेबलक्लॉथ चार बोटं पुढे सरकतो. अर्धवट राहिलेलं एकच विणकाम बाहेर ठेवा. उरलेली लोकर शेजारच्या सुनेला देऊन टाका, हिवाळ्यापर्यंत ती टोपी तरी विणेल.