एनएसएसची डायरी घरीच ठेवून या

ऑगस्टमध्ये आमच्या अमेरिकन विद्यापीठात मुंबई-पुण्याची, नागपूरची नवी पोरं उतरतात. दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, "दादा, इथे एनएसएससारखं काही असतं का? रेझ्युमेवर बरं दिसतं."

असतं. पण तसं नसतं. आपली एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ची, गांधी जन्मशताब्दी वर्षातली. दोन वर्षांत २४० तास भरायचे, दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर करायचं, डायरीवर सरांची सही घ्यायची. मीही त्यातलाच. इथे ज्याला सर्व्हिस लर्निंग म्हणतात, तो विषयाचा भाग असतो. पोषणशास्त्र शिकणारा फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट धान्य देणाऱ्या केंद्रात, जातो, अकाउंटिंगवाला लोकांची कर विवरणपत्रं भरतो. क्रेडिट मिळतं ते तिथे काय शिकलात ते लिहून दाखवल्याचं, नुसते तास भरल्याचं नाही. या लिखाणाला रिफ्लेक्शन म्हणतात.

पहिलं रिफ्लेक्शन मी शिबिराच्या अहवालासारखं लिहिलं: "गरजूंना धान्यवाटप करण्यात आले." प्राध्यापिकाबाईंनी समासात एवढंच लिहिलं, "यात तू कुठे आहेस?" मला रागच आला. पुढच्या शनिवारी पँट्रीत एका आजोबांच्या पिशवीत मी फरसबीचे चार डबे भरले. त्यांनी ते शांतपणे काढून फळीवर परत ठेवले आणि झाकणाला कडी असलेले दोन घेतले. ते गाडीत राहत होते, कॅन ओपनर नव्हता. तिथे लोक आपापलं सामान स्वतः का निवडतात, ते मला तेव्हा कळलं. ते लिहिलं आणि ए मिळाला.

आता कान उघडे ठेवून वाचा, कारण हे मला महागात पडलंय. "पैसे घेत नाही म्हणजे काम नाही" हा समज डोक्यातून काढून टाका. पहिल्या हिवाळ्यात महाराष्ट्र मंडळात ओळख झालेल्या आपल्याच एका गृहस्थांनी विचारलं, "दुकानाचे हिशेब बघशील का? व्हॉलंटियर म्हणून. अनुभव मिळेल." आपला माणूस, वर घरी वरण-भात. मी तीन महिने बघितले आणि मोठ्या अभिमानाने रेझ्युमेवर टाकले. ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणाशी निगडित नोकरीच्या परवानगीच्या, वेळी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या सल्लागाराने तो कागद वाचला आणि खुर्ची पुढे ओढली. नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यात स्वयंसेवक हा प्रकारच कायद्यात बसत नाही. ज्या कामाचे एरवी पैसे मिळतात, ते फुकट केलं तरी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ती विनापरवाना नोकरी धरली जाऊ शकते. वकिलाच्या फीमध्ये दोन महिन्यांचं भाडं गेलं, झोप गेली ती वेगळीच. त्या गृहस्थांनी नंतर फोन उचलला नाही.

म्हणून संस्था धर्मादाय आहे का आणि तिथे ते काम सगळेच बिनपगारी करतात का, हे दोन प्रश्न आधी विचारा. कोर्ससाठी बाहेरच्या संस्थेत जाणार असाल तर सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) लागते का, ते त्या कार्यालयालाच ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. रूममेटला विचारू नका. आपल्याकडे प्रत्येक रूममेट इमिग्रेशनचा वकील असतो. जाहिरातीत वर्क-स्टडी दिसलं तर पुढे सरका, तो सरकारी पैसा एफ-१वाल्यांना मिळत नाही.

मला विचाराल तर व्हिटा करा. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची कर विवरणपत्रं फुकट भरून देण्याचा आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा, हा कार्यक्रम अनेक विद्यापीठांत चालतो. परीक्षा पास व्हावी लागते, पुस्तक उघडं ठेवून. दोन मुलांच्या आईचा परतावा स्क्रीनवर उमटताना तिच्या शेजारी बसलात की अमेरिका जरा कळायला लागते. तुमचाही फायदा आहे. आपण पहिली पाच कॅलेंडर वर्षं सहसा करापुरते नॉन-रेसिडेंट असतो, त्यामुळे फॉर्म १०४०-एनआर हे नॉन-रेसिडेंटचं विवरणपत्र लागतं. भारत-अमेरिका कर-करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शनही मिळतं. कमाई शून्य असली तरी मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म ८८४३ भरायचाच. सगळ्या व्हिटा केंद्रांवर १०४०-एनआर भरत नाहीत, आधी विचारून जा.

मंडळाच्या गणपतीत खुर्च्या जरूर लावा, मोदकही खा. पण दहा वर्षं इथे राहून शेजारच्या गल्लीचं नाव माहीत नसलेले आपले लोक मी पाहिलेत, आणि ते सगळे खुर्च्या लावण्यात पटाईत आहेत.

शाळेत शिकवायला जाणार असाल तर बॅकग्राउंड चेक होतो, कुठे कुठे टीबीची तपासणीही लागते. फॉर्मवर नाव पासपोर्टवर आहे तस्सं लिहा, वडिलांचं नाव असेल तर त्यासकट. माझं मंजुरीचं पत्र त्या मधल्या नावापायी महिनाभर अडकलं होतं.