नमपायमधलं ‘एम्प्टी’ रिकामं नसतं

नमपाय (NumPy) या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत ‘एम्प्टी’ (empty) या फंक्शनने ॲरे, म्हणजे आकड्यांचा तक्ता, बनवला की फक्त मेमरी मिळते, ती पुसून मिळत नाही. त्या जागेत आधी जे काही पडलं होतं तेच आकडे दिसतात. कधी योगायोगाने सगळे शून्य दिसतात आणि तिथेच फसगत होते: चाचणीत कोड बरोबर चालतो, नंतर एखाद्या दिवशी बेरीज भलतीच येते. म्हणून प्रत्येक खाना तुम्ही स्वतः भरणार असाल तरच हे वापरा. ‘+=’ करत बेरीज साठवायची असेल तर सगळे खाने शून्याने भरून देणारं ‘झिरोज’च हवं.

आकार टपलमध्ये द्या, म्हणजे (३, ४) असा एका कंसात. दोन आकडे सुटे दिले तर दुसरा आकडा डेटा टाइप (आकड्यांचा प्रकार) समजला जातो आणि एरर येते. टाइप सांगितला नाही तर फ्लोट६४ (८ बाइटचा दशांश आकडा) धरला जातो. १००० × १००० च्या ॲरेला ८० लाख बाइट लागतात.

वेगाचं म्हणाल तर फार आशा ठेवू नका. मोठ्या ॲरेसाठी ‘झिरोज’सुद्धा बहुतेकदा ऑपरेटिंग सिस्टिमकडून आयती शून्य केलेली मेमरीची पानं (तुकडे) घेतं, त्यामुळे फरक नगण्य असू शकतो. आधी मोजा.

कोड तपासताना ‘एम्प्टी’ऐवजी ‘फुल’ (सगळे खाने एकाच किमतीने भरणारं फंक्शन) वापरून सगळीकडे ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’ अशी खूण) भरा. भरायचा राहिलेला खाना लगेच सापडतो. पूर्णांकांच्या ॲरेत मात्र ‘नॅन’ बसत नाही, तिथे −९९९९ सारखा अशक्य आकडा घाला.