कॅन१ आणि कॅनाव्हनीनच्या प्लेटा: या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांत एमएस्सीच्या प्रोजेक्टला यीस्टचं कॅन१ जनुक घेणारी मुलं मला नेहमी भेटतात. निवड उत्तम आहे, महागडी यंत्रं लागत नाहीत. कॅन१ पासून ५९० अमिनो आम्लांचं एक प्रथिन बनतं. ते पेशीच्या बाहेरच्या पटलात बसतं आणि आर्जिनीन हे अमिनो आम्ल आत घेतं. कॅनाव्हनीन दिसायला आर्जिनीनसारखंच, म्हणून तेही याच वाटेने शिरतं आणि पेशी मारतं. परसातल्या अबईच्या बियांत असतं तेच हे विष. जनुक बिघडलं की वाट बंद, पेशी जगते आणि कॅनाव्हनीन घातलेल्या प्लेटवर तिचा ठिपका, म्हणजे कॉलनी, उगवते. प्रयोग इतका सरळ असल्यामुळेच मुलं घाई करतात.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे स्ट्रेन, म्हणजे यीस्टचा वाण, न तपासता काम सुरू करणं. दक्षिण कोकणातल्या एका कॉलेजात मुलांनी यीस्टवर अतिनील किरण सोडले आणि कॅनाव्हनीनच्या प्लेटवर पसरलं. प्लेट काठोकाठ भरली. किरणांनी जनुक मोडलं, असा निष्कर्ष लिहून पोस्टर छपाईला गेलं. किरण न दिलेली कंट्रोल प्लेटही तशीच भरली होती, पण ती ‘कंटॅमिनेशन’ म्हणून फेकून दिलेली. स्ट्रेन कुठली, असं विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, दुसऱ्या लॅबमधून आणलीय, वाइल्ड टाइप (म्हणजे बिघाड नसलेली) आहे.’ नळीवरही तेवढंच लिहिलेलं. जुन्या प्लेटा मागवल्या, तर कॉलन्या गुलाबी! तिथेच उलगडा झाला. ती डब्ल्यू३०३ नावाची लॅबमधली स्ट्रेन होती. तिच्यात एडीई२ हे जनुक बिघडलेलं असतं म्हणून ॲडेनीन कमी पडलं की रंग येतो, आणि कॅन१ सुद्धा मुळातच बिघडलेलं असतं. अख्ख्या सत्राची मेहनत गेली. धडधाकट कॅन१ असलेल्या हॅप्लॉइड (प्रत्येक जनुकाची एकच प्रत असलेल्या) स्ट्रेनच्या कोट्यवधी पेशी पसरल्या तरी मोजता येतील एवढ्याच कॉलन्या याव्यात. प्लेट भरली तर आनंद नको, संशय हवा. नवी स्ट्रेन हातात आली की मी पहिल्याच दिवशी कॅनाव्हनीनच्या प्लेटवर तिची एक रेघ ओढते, शेजारी बीवाय४७४१ ची, म्हणजे कॅन१ धडधाकट असलेल्या स्ट्रेनची. दोन दिवसांत कळतं. आणि कंट्रोल प्लेट नको तशी आली म्हणून फेकायची नसते. आधी तीच सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायची.

दुसरा हट्ट वायपीडीचा, म्हणजे यीस्ट वाढवायच्या नेहमीच्या माध्यमाचा. तयार आहे, स्वस्त आहे, म्हणून त्यातच कॅनाव्हनीन ओततात. अहो, वायपीडीत यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि पेप्टोन असतं, म्हणजे आर्जिनीनची रेलचेल. ते त्याच प्रथिनासाठी विषाशी स्पर्धा करतं, मग बिनबिघाडाच्या पेशीही खुशाल वाढतात. आर्जिनीन वगळलेलं सिंथेटिक माध्यमच हवं, लिटरला ६० मिलिग्रॅम कॅनाव्हनीन घालून. नायट्रोजनसाठी अमोनियम सल्फेटच ठेवा. एका मुलाने त्याऐवजी प्रोलीन वापरलं आणि खात्रीचे कॅन१ म्यूटंटही (कॅन१ बिघडलेल्या पेशी) मेले. कारण प्रोलीनवर गॅप१ हा दुसरा वाहक जागा होतो आणि कॅनाव्हनीन त्यातून आत जातं. अमोनियम असलं की गॅप१ दबलेला राहतो. माध्यमातला एक पदार्थ बदलला की प्रश्नच बदलतो, हे घाईतल्या मुलांना पटवणं अवघड जातं.

कॅनाव्हनीन ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करू नका. फिल्टर करून, अगार हाताला सोसवेल इतका निवला की मिसळा.

माडीतून वेगळं केलेलं यीस्ट वापरायची हौस मला मनापासून आवडते. पण अशा यीस्टमध्ये बहुधा प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी आर्जिनीन आणतच राहते, म्हणजे कॅनाव्हनीनही. कॉलनी आली नाही म्हणून ‘आमच्या माडीतलं यीस्ट म्यूटेशनला दाद देत नाही’ असं लिहू नका. आधी बीजाणू करून हॅप्लॉइड पेशी मिळवा.

म्यूटेशनचा दर काढताना यीस्ट वाढवलेल्या दहा नळ्यांची सरासरी घेऊ नका. एखाद्या नळीत म्यूटंट लवकर जन्मतो आणि तिचा आकडा सगळ्यांना झाकून टाकतो. लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्येच हे दाखवलंय. मी मध्यक घेते, आणि नळ्या जास्त लावते.

वेस्टर्न ब्लॉटसाठी, म्हणजे जेलवर प्रथिन ओळखायच्या चाचणीसाठी, नमुना ९५ अंशांना उकळू नका. पटलातली प्रथिनं गोळा होऊन जेलच्या तोंडाशीच अडकतात, आणि मग ‘प्रथिनच बनत नाही’ अशी ओरड होते. ३७ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवा.

जीएफपी हे चमकणारं प्रथिन जोडलेलं कॅन१ रिक्तिकेत (पेशीतल्या टाकाऊ माल मोडणाऱ्या पिशवीत) चमकलं तर ते तिथेच राहतं असं समजू नका. आर्जिनीन भरपूर मिळालं की पेशी हा वाहक पटलावरून काढून रिक्तिकेत मोडीत काढते. तिथे जीएफपी बराच काळ टिकतं, म्हणून चमक उरते.

आषाढात प्लेटा सुकत नाहीत. झाकणावरचं पाणी ठिबकून कॉलन्या एकमेकींत मिसळतात आणि मोजणी फुकट जाते. मी त्या दिवसांत प्लेटा आदल्या दिवशी ओतून, उलट्या करून, रात्रभर ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवते. सकाळी ओल दिसली तर त्या दिवशी प्रयोग नाही, मग मार्गदर्शक कितीही घाई करोत.