शिवारातला पाऊस घरीच कसा मोजावा

हवा एक अंशाने तापली की ती साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून पुढच्या काळाचा अंदाज असा आहे की पाऊस थोड्या दिवसांत, जोराने पडेल आणि मधले कोरडे खंड लांबतील. हंगामाची बेरीज पाहून हे कळत नाही. 500 मिमी पाऊस 40 दिवसांत पडला काय नि 20 दिवसांत पडला काय, बेरीज तीच. ज्वारी-बाजरीला मात्र फरक पडतो. माण, खटाव, जत भागात ओढ्याच्या अल्याड-पल्याड पाऊस वेगळा असतो, तेव्हा महसूल मंडळाच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा आपला मापक बसवावा.

110 मिमीचा पीव्हीसी पाइप 40 सेंमी लांब, काटकोनात कापा. खालून एंड कॅप सोल्यूशनने चिकटवा आणि रात्रभर पाणी भरून गळती तपासा. वरची कड बाहेरून कानसीने घासून धारदार करा. जाड कडेवरून थेंब आत उडतात. आता आतला व्यास मोजा. इथेच बहुतेकांचे चुकते, कारण 110 हे बाहेरचे माप आहे. आतून 10.4 सेंमी भरले तर क्षेत्रफळ 85 चौ. सेंमी, म्हणजे 8.5 मिली पाणी = 1 मिमी पाऊस. 11 सेंमी धरलेत तर पाऊस दहा टक्क्यांनी कमी दिसेल.

मापक उघड्यावर, तोंड जमिनीपासून 30 सेंमीवर राहील इतका जमिनीत पुरून, सरळ उभा ठेवा. घर 12 फूट उंच असेल तर त्यापासून निदान 24 फूट लांब. गच्ची नको, तिथे वारा पाणी पळवतो. उसाच्या कडेला तर नकोच; जूनमध्ये मोकळी दिसणारी जागा सप्टेंबरात झाकलेली असते.

रोज सकाळी 8.30 ला पाणी सिरिंजने मोजून ओता. पाऊस नसेल तर 0 लिहा. रिकामा रकाना म्हणजे नोंद राहिली की पाऊस नव्हता, हे वर्षाने कुणालाच सांगता येत नाही. जोराची सर झाली तर ती थांबताच मोजून ओता, सुरू-बंदची वेळ लिहा आणि हा आकडा दुसऱ्या सकाळच्या मापात मिळवा. 45 मिनिटांत 50 मिमी आणि दिवसभरात 50 मिमी यांत जमीन-आसमानाचा फरक: एकरी दोन लाख लिटर पाणी दोन्हीकडे पडते, पण पहिल्यातले बरेचसे माती घेऊन ओढ्याला जाते. बांधाचा सांडवा आणि शेततळ्याचे तोंड या सरींच्या नोंदीवर ठरवावे.

पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे 40 सेंमी पाइप पुरत नाही. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत 590 मिमीहून जास्त पाऊस झाला. तिकडे 75 सेंमीचा पाइप घ्या किंवा संध्याकाळीही रिकामा करा.

हंगामाअखेर बेरजेशेजारी तीन आकडे काढा: 2.5 मिमी किंवा जास्त पावसाचे दिवस, 64.5 मिमी किंवा जास्तीचे दिवस (हवामान खाते याला जोरदार पाऊस म्हणते) आणि सर्वांत लांब खंड. पाच-सात वर्षांच्या वहीवरून हवामान बदलले असे म्हणू नये, त्याला तीसेक वर्षे लागतात. पेरणीला मात्र वही पहिल्याच जूनपासून उपयोगी: 75 ते 100 मिमी भरल्याशिवाय आणि वापसा (माती ओलसर पण चिकट नाही अशी स्थिती) आल्याशिवाय तिफण काढू नये. तासगाव-मिरजेच्या द्राक्षवाल्यांनी सप्टेंबरनंतरही मापक काढू नये. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात पडलेला थोडा पाऊसही डाऊनी (केवडा) रोगाला पुरतो, तेव्हा तिथे मिमीसोबत पाने किती तास ओली राहिली तेही लिहावे.