प्रदर्शनासाठी मॉडेल रेल्वे: नागपुरातील गटाने मांडणी कशी बांधावी आणि कशी चालवावी

घरच्या खोलीत कायमची बसवलेली मॉडेल रेल्वे आणि प्रदर्शनात नेऊन चालवायची मॉडेल रेल्वे यांत मोठा फरक आहे. पहिलीत बिघाड झाला तर सवडीने दुरुस्त करता येतो. दुसरी मात्र टेम्पोत घालून न्यायची, परक्या सभागृहातील उंचसखल फरशीवर जोडायची आणि शाळकरी मुलांच्या गर्दीसमोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालवायची असते. म्हणून गटाने प्रदर्शनाच्या दिवसापासून मागे येत विचार करावा. मांडणीचा एकेक भाग किती जणांनी उचलायचा, कोणत्या वाहनातून न्यायचा आणि किती वेळात जोडायचा हे आधी ठरवावे. रूळ कोठून कोठे जाणार याचा आराखडा त्यानंतर काढावा.

विषय आणि माप

नागपुरात चार-सहा हौशी माणसे एकत्र बसली की पहिली मागणी हमखास डायमंड क्रॉसिंगची होते. दिल्ली–चेन्नई आणि हावडा–मुंबई हे मार्ग ज्या शहरात एकमेकांना छेदतात तेथे ती होणारच; तरीही पहिल्या मांडणीत हा विषय घेऊ नये. मॉडेल रेल्वेत सर्वाधिक वापरले जाणारे एचओ हे माप १:८७ आहे, म्हणजे मॉडेल मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे असते. बावीस एलएचबी डब्यांची (आजच्या एक्स्प्रेस गाड्यांना असतात तशा लांब डब्यांची) गाडी या मापात इंजिनासह सहा मीटरांहून लांब होते, आणि तिला शोभतील अशी वळणे व फलाट घ्यायचे म्हटले तर सभागृह अपुरे पडते. डबे कमी केले तर गाडी मालगाडीच्या तुटलेल्या शेपटासारखी दिसते. शिवाय एचओचा तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो. तो १४३५ मिलिमीटरच्या परदेशी रुळांसाठी केलेला आहे. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला १:८७ मध्ये १९ मिलिमीटरहून थोडी अधिक रुंदी लागते, त्यामुळे तयार रुळावर भारतीय इंजिन ठेवले की अंग रुंद आणि पाय जवळ, असे काहीसे विचित्र दिसते.

नॅरोगेजचा हिशेब मात्र विदर्भाच्या बाजूने आहे. सातपुड्यातील आणि नागपूर–नागभीड मार्गावरील नॅरोगेज ७६२ मिलिमीटरची होती. ८७ ने भागल्यास ८.७६ मिलिमीटर येतात, आणि एन या एचओहून लहान मापाचा बाजारात मिळणारा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. पाव मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना कळत नाही. १:८७ च्या इमारती, माणसे व झाडे आणि ९ मिलिमीटरचा रूळ या जोडीला एचओई म्हणतात. तीत इंजिने लहान, गाड्या मोजक्या डब्यांच्या आणि वळणे पाव मीटर त्रिज्येचीही चालतात, म्हणजे थोड्या जागेत पूर्ण आणि खरी वाटेल अशी रेल्वे उभी राहते. छिंदवाड्याची नॅरोगेज २०१५ मध्ये आणि नागभीडची २०१९ मध्ये बंद झाली. त्या गाड्यांतून प्रवास केलेली माणसे शहरात आजही आहेत, आणि प्रदर्शनात हीच माणसे सर्वांत जास्त वेळ थांबतात.

मूळ वस्तू पाहण्यासाठी लांब जावे लागत नाही. मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय २००२ पासून उघडे आहे. परवानगी घेऊन तेथील इंजिने व डबे मोजावेत, आणि छायाचित्र काढताना चौकटीत एक मोजपट्टी उभी धरावी, म्हणजे नंतर चित्रावरूनही मापे काढता येतात. या गाड्यांची तयार मॉडेले बाजारात सहज मिळत नाहीत. व्यवहार्य मार्ग असा की एन मापाच्या तयार इंजिनाचा सांगाडा आणि मोटार घ्यावी, तिच्या चाकांमधील अंतर आपल्या इंजिनाच्या जवळपास आहे याची खात्री करावी आणि वरचे कवच थ्रीडी प्रिंटरवर किंवा प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून बनवावे. मोठ्या मांडणीची रचना, प्रकाशयोजना आणि प्रेक्षकांपुढे चालवण्याची शिस्त पाहायची असेल तर पुण्याला कोथरूडमधील जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय गटाने एकदा अवश्य पाहावे; ते १९९८ पासून सुरू आहे.

पाट आणि सांधणी

मांडणी सुट्या पाटांची करावी. एक पाट चार फूट लांब व दीड फूट रुंद ठेवला तर तो एका माणसाला उचलता येतो, मागची आसने पाडलेल्या मोटारीत मावतो आणि आठ बाय चारच्या प्लायवूडमधून असे पाच पृष्ठभाग निघून सहा इंचांच्या आतली एक पट्टी उरते. लकडगंजात प्लाय घेतले तर तेथेच सुतार कापूनही देतो. मात्र प्रत्येक पाटाची दोन्ही टोके गुण्याने तपासून घ्यावीत, कारण टोक किंचित तिरके गेले तरी चार पाट जोडल्यावर रूळ सरळ राहत नाही. पृष्ठभागाला ९ किंवा १२ मिलिमीटरचे प्लाय, खाली चार इंच उंचीच्या कडा आणि फुटाफुटावर एक आडवी पट्टी एवढे पुरते. पाण्याला टिकणारे प्लाय महाग वाटले तरी तेच घ्यावे. रंग किंवा वॉर्निश वरच्या बाजूइतकेच खालच्या बाजूला द्यावे. एकच बाजू झाकलेले लाकूड पावसाळ्यात हवेतील ओल एका अंगाने शोषते आणि वाकते.

दोन पाट जोडताना ते नेमके समोरासमोर आणणे आणि घट्ट आवळून धरणे ही कामे वेगवेगळ्या वस्तूंकडे द्यावीत. नेमकेपणासाठी पितळी डॉवेल (एका पाटाची खुंटी दुसऱ्याच्या खोबणीत बसते अशी जोडी) बसवावेत आणि आवळण्यासाठी आठ मिलिमीटरचे बोल्ट व पंखनट वापरावेत. नुसत्या बोल्टवर विसंबल्यास भोक आणि बोल्ट यांच्यातील फटीएवढा रूळ प्रत्येक वेळी हलतो. रूळ पाटाच्या टोकाशी येतो तेथे दोन्ही रुळांखाली पितळी स्क्रू बसवून रूळ त्यांना डाख देऊन पक्का करावा, दोन पाट जोडलेले असतानाच अखंड रूळ टाकावा आणि सर्व झाल्यावर तो दोन पाटांच्या जोडावर पातळ करवतीने कापावा. हाताळणीत सर्वांत आधी मोडते ते हेच टोक.

नागपूरच्या हवेत रुळांना श्वास घ्यायला जागा हवी. मॉडेलचा रूळ निकेल सिल्व्हरचा असेल तर तापमानात ३० अंशांचा फरक पडल्यावर तो मीटरमागे सुमारे अर्धा मिलिमीटर लांबतो, आणि डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंतचा आपला फरक त्याहून मोठा आहे. थंडीत फट न सोडता बसवलेला रूळ उन्हाळ्यात बाजूला फुगतो. उन्हाळ्यात बसवलेल्या रुळांच्या फटी थंडीत रुंदावतात आणि जोडपट्ट्या ढिल्या पडतात. म्हणून वीजप्रवाहासाठी जोडपट्टीवर कधीही भिस्त ठेवू नये. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार डाखावी आणि त्या सर्व तारा पाटाखालून जाणाऱ्या दोन जाड मुख्य तारांना जोडाव्यात. पाटापाटांमध्ये पिनांचे प्लग घालावेत. तारांचे रंग सर्व पाटांवर एकसारखे असावेत आणि कोणता रंग कशासाठी हे पाटाच्या पोटाशी मार्करने लिहून ठेवावे, कारण प्रदर्शनात बिघाड शोधणारा माणूस तार जोडणारा असेलच असे नाही.

पहिल्या मांडणीला साधा १२ व्होल्टचा डीसी नियंत्रक पुरतो. डीसीसी या डिजिटल पद्धतीत एकाच रुळावर अनेक इंजिने स्वतंत्र चालतात हे खरे, पण नॅरोगेजच्या एकेरी मार्गावर एका वेळी एकच गाडी असते आणि इवल्या इंजिनात आदेश ओळखणाऱ्या डीकोडरला जागा करणे हे वेगळेच काम होऊन बसते. सांध्यांकडे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या पॉइंटांकडे, मात्र कंजुषी करू नये. लहान इंजिनांची चाके जवळजवळ असल्याने सांध्यातील प्लास्टिकच्या निर्जीव तुकड्यावर ती हटकून थांबतात. त्या तुकड्यालाही वीज मिळणारा सांधा घ्यावा आणि सांधा बदलताच वीज बदलेल असा स्विच त्याला जोडावा.

वऱ्हाडी-वैदर्भी माती

देखाव्याला एकच ठिकाण आणि एकच ऋतू निवडावा. नागभीड मार्गावरील भिवापूर घेतले तर स्थानकामागे वाळत घातलेली लाल मिरची, काळी जमीन आणि फाल्गुनातला पळस एवढ्यावरच पाहणारा गाव ओळखतो. मिरचीसाठी खरी मिरची कुटून वापरू नये, तिला कीड लागते; बारीक चाळलेला लाकडाचा भुसा लाल रंगवून घ्यावा. संत्र्याची बाग सावनेरच्या बाजूला दाखवायची असल्यास साडेतीन मीटरचे झाड मॉडेलमध्ये चार सेंटिमीटरचे होते आणि फळांसाठी रंगवलेली खसखस लागते. मोहरी वापरण्याचा मोह होतो, पण १:८७ ने मोजल्यास मोहरीचे एकेक संत्रे टरबुजाएवढे भरते.

काळी माती खरीच वापरावी, तिच्यासारखा रंग डब्यात मिळत नाही. ती आधी कढईत कोरडी भाजून घ्यावी, गाळणीने चाळावी आणि मग कागदावर पसरून तिच्यावरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक दोन-तीनदा फिरवावे. आपल्याकडचा काळा दगड बेसाल्टचा, त्याच्या मातीत चुंबकाला चिकटणारे कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटारीत शिरले की मोटार जाते. रुळांच्या खडीसाठी बांधकामावरची चुरी चाळून घ्यावी. तिलाही हाच नियम. खडी रुळांत पसरून सारखी केल्यावर आधी पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून ते फवारावे आणि मग निम्मे पाणी घातलेले फेविकॉल ड्रॉपरने सोडावे. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ मात्र खडी आणि फेविकॉल दोन्ही दूर ठेवावे.

प्रदर्शन

तारीख नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील घ्यावी. रमण विज्ञान केंद्रासारखी संस्था असो, शाळा असो की एखादे सभागृह, जागा देणाऱ्याला चार गोष्टी लेखी कळवाव्यात: मांडणीची लांबी-रुंदी, मागे उभे राहायला लागणारी जागा, विजेचे पॉइंट आणि जोडणीसाठी आदल्या दिवशी दार उघडे मिळण्याची वेळ. प्रदर्शनापूर्वी किमान एकदा संपूर्ण मांडणी दुसऱ्या जागी नेऊन जोडावी आणि दिवसभर चालवावी. तासाभराच्या चाचणीत न दिसणारे दोष, म्हणजे तापणारी मोटार, सैल होणारा प्लग किंवा ठरावीक डबा ठरावीक सांध्यावर उतरणे, हे दिवसभरात बाहेर पडतात. नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोन्हींची विभागीय कार्यालये आहेत, त्यामुळे निवृत्त रेल्वे कर्मचारी शोधावे लागत नाहीत. अशा एक-दोघांना चाचणीलाच बोलवावे. “अहो, इथं सिग्नल नव्हताच, सांधेवाला हिरवी झेंडी दाखवायचा,” हे प्रदर्शनात ऐकण्यापेक्षा आधी ऐकलेले बरे.

मांडणीची उंची हा नेहमीचा वाद आहे. मोठ्यांना मीटरभर उंची चांगली, कारण गाडी डोळ्यांच्या जवळ येते. पण आपल्याकडे निम्मी गर्दी दहा वर्षांखालच्या मुलांची असते. नव्वद सेंटिमीटर उंची आणि पुढे मुलांसाठी भक्कम लाकडी पायरी ही तडजोड मला योग्य वाटते. पुढच्या कडेला वीतभर उंचीची पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी लावावी. “हात लावू नये” ही पाटी कोणी वाचत नाही, पट्टी मात्र आपले काम करते.

मुलांचे हात रिकामे राहिले तर ते पट्टीवरूनही येतात. त्यासाठी शेजारी एक वेगळा, मजबूत, स्वस्त पाट ठेवून त्यावर शंटिंगचा खेळ मांडावा. ब्रिटनमधील ॲलन राइट यांच्या इंगलनूक सायडिंग्ज या मांडणीवरून आलेला हा खेळ फक्त दोन सांध्यांचा आहे: तीन फाट्यांपैकी एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन, आणि पुढच्या रुळावर इंजिन व तीन वाघिणी. एकूण आठ वाघिणींपैकी चिठ्ठीने निघालेल्या पाच, निघालेल्या क्रमानेच, जोडून दाखवायच्या. क्रमासह ६७२० निरनिराळ्या गाड्या बनू शकतात, म्हणून रांगेतल्या मुलाला पुढच्याचे पाहून उत्तर पाठ करता येत नाही.

मुख्य मांडणीवर काही ना काही सतत हलत असावे. दोन मिनिटे सर्व शांत राहिले तर पाहणारा पुढे सरकतो. देखाव्याच्या दोन्ही टोकांना पडद्याआड यार्ड ठेवून तेथे गाड्या तयार ठेवाव्यात. प्लायच्या पट्टीवर ॲल्युमिनियमचे दोन अँगल बसवून केलेली कॅसेट यासाठी उत्तम, कारण आख्खी गाडी न हाताळता उचलून फिरवता येते आणि वेगळे सांधे लागत नाहीत. एक जण गाडी चालवेल, एक जण यार्ड सांभाळेल आणि तिसरा फक्त लोकांशी बोलेल. चालवणाऱ्याने प्रश्नांची उत्तरे देऊ नयेत, कारण तो बोलू लागला की गाडी बफरला धडकते. तासाला पाळी बदलावी आणि इंजिनांनाही आळीपाळीने विश्रांती द्यावी. माहितीचे फलक मराठीत आणि हिंदीत असावेत, अक्षर तीन हातांवरून वाचता यावे. रूळ सकाळी आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या सुती कापडाने पुसावेत. सँडपेपर अजिबात वापरू नये, त्याच्या चऱ्यांत धूळ अधिक घट्ट बसते.

प्रदर्शन संपताच सर्वांना घरी जायची घाई असते, तरी पाट सुटे करण्यापूर्वी दिवसभरात दिसलेला प्रत्येक दोष कागदी टेपवर लिहून त्या त्या पाटाखाली चिकटवावा. नंतर दोन-दोन पाट तोंडास तोंड करून, मध्ये अंतर राहील अशा प्लायच्या उभ्या फळ्या टोकांना बोल्टने लावून बंद करावेत. ते जमिनीवर न ठेवता घडवंचीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावेत, आणि मृगाच्या आधी एकदा उघडून टेपवरची यादी पूर्ण करावी.